डब्यातलं सारण

टॅनर्स रिज
९ ऑक्टोबर १९६७

मिस विनिफ्रेड क्लोक यांस,

खुशाली विचारायच्या मनःस्थितीत मी नाही, तेव्हा थेट मुद्द्यावर येते.

शनिवार-रविवार, असे पुरे दोन दिवस, अ‍ॅशबर्नच्या सफरचंद जत्रेत माझ्या अ‍ॅपल पायपुढे तुमच्या हातचं कार्ड उभं होतं. ‘पारी उत्तम. सारण डब्यातलं. स्पर्धेतून बाद.’ आख्ख्या जिल्ह्याने ते वाचलं. ज्यांना वाचता येत नाही त्यांना शेजारच्यांनी वाचून दाखवलं.

आमच्या दारात सफरचंदाची चारशे झाडं आहेत. माझा नवरा ऑरिन गेला महिनाभर शिडीवरून खाली उतरलेला नाही. आणि मी म्हणे दुकानात जाऊन डब्यातलं सारण विकत आणलं! मासे पकडणाऱ्याच्या बायकोने बाजारातून मासा आणावा, तसं.

तुम्हाला आठवत नसेल, मला पाठ आहे. तीन वर्षांपूर्वी याच जत्रेत, याच टेबलावर तुम्हीच लिहिलं होतं, ‘वरची पारी आणि सारण यांत बोटभर पोकळी. तळ ओला.’ मला राग आला होता, पण म्हटलं, खरं आहे. तीन हंगाम मी त्या पोकळीच्या मागे लागले. शेवटी सारण आधी शिजवून, गार करून भरायला लागले. पोकळी गेली, तळ कोरडा राहिला. आणि ज्या बाईने ती खोड काढली, तिनेच मला आज खोटारडी ठरवलं.

विनी, रिजवरच्या त्या एका खोलीच्या शाळेत आपण सहा वर्षं एका बाकावर बसलो. मी एकदा तरी कुणाची नक्कल केलेली तुला आठवते का?

मला लेखी माफी हवी आहे. कार्ड जसं चारचौघांत लावलंस, तशीच चारचौघांत.

वर्ना टीटर

—

अ‍ॅशबर्न
१२ ऑक्टोबर १९६७

प्रिय वर्ना,

तुझे पत्र पोचले. त्यातील भाषा मी रागाच्या खाती टाकते.

मी अकरा वर्षे या जत्रेची परीक्षक आहे आणि चोवीस वर्षे हायस्कुलात गृहशास्त्र शिकवते. कच्ची फळे भरून भाजली की ती आत खचतात आणि पारी वर राहते. तुझ्या नमुन्यात सारण पारीला चिकटून होते. रस जेलीसारखा बांधलेला. कापल्यावर फोड जागची हलली नाही. ही डब्यातल्या सारणाची लक्षणे आहेत, हे माझ्या पहिल्या वर्षाच्या मुलीही सांगतील. शिवाय मी चवीवरूनही खात्री करून घेतली होती.

डबा वापरणे हा गुन्हा नाही. हल्ली पुष्कळ जणी वापरतात. नियम एवढाच की स्पर्धेत चालत नाही. निकाल लागला, जत्रा उठली. पुढच्या वर्षी पुन्हा ये. वयाच्या बावन्नाव्या वर्षी एका कार्डावरून एवढे मनाला लावून घेऊ नये, हा मैत्रिणीचा सल्ला.

ऑरिनला नमस्कार.

तुझी,
विनिफ्रेड

—

टॅनर्स रिज
१४ ऑक्टोबर १९६७

विनिफ्रेड,

‘पुष्कळ जणी वापरतात’? वापरू देत की! मी नाही वापरला!

तुझ्या त्या कार्डाने काय केलं ते ऐक. मंगळवारी सकाळी दार उघडलं, तर ओसरीच्या कठड्यावर सफरचंदाच्या सारणाचा रिकामा डबा, स्वच्छ धुतलेला, आणि त्यात झेंडूची फुलं. कुणाचं काम ते मला माहीत आहे. शेजारच्या ब्यूलाशिवाय एवढा वेळ कुणाला आहे? गुरुवारी चर्चमधल्या बायका आल्या. पुढच्या महिन्यातल्या सामुदायिक जेवणासाठी मी एकोणीस वर्षं अ‍ॅपल पाय करते. त्या म्हणाल्या, ‘‘वर्ना, यंदा तू दमली असशील. तू आपली बीन्स आण.’’ बीन्स! ऑरिन म्हणतो, सोड. त्याला सोडायला काय जातंय. बाजारात त्याला कुणी विचारत नाही की आज कुठल्या कंपनीचं सफरचंद पिकवलंस म्हणून.

आता नीट वाच, आणि हवं तर तुझ्या मुलींनाही वाचून दाखव. ग्रीनिंगची दहा सफरचंदं सोलून जाड फोडी करायच्या. लोणी तापवून त्यात त्या टाकायच्या, वर साखर, चिमूटभर मीठ, दालचिनी, झाकण. आठ मिनिटं. मग मॅकिंटॉशच्या चार सफरचंदांच्या फोडी. त्या लगेच विरघळतात, म्हणून मागाहून. ग्रीनिंग दाताला लागली पाहिजे, आणि मॅकिंटॉशने तिला धरून ठेवलं पाहिजे. सगळं गाळणीत ओतून सुटलेला रस पुन्हा आटवायचा, काकवीसारखा दाट झाला की त्यात चमचाभर कॉर्नफ्लोअर. मग तळघरात नेऊन अगदी गार करायचं. कोमट सारण भरलं तर पारीतली चरबी भाजण्याआधीच वितळते आणि तळाची लापशी होते. माझी दोनदा झालेली आहे. डब्यात दोन जातींच्या फोडी असतात का गं? आणि तू म्हणतेस चवीवरून खात्री केली? कुठल्या जिभेने?

मला वाटतं, खरं कारण वेगळंच आहे. तीस वर्षांपूर्वी मी तुझ्या भावाशी ठरलेलं लग्न मोडलं, लीलंड घर सोडून पश्चिमेला गेला, आणि तुम्हा क्लोक लोकांनी ते पोटात ठेवलं. आता हातात पेन्सिल आली, काढलं उट्टं. नाकाने कांदे सोलायची तुमच्या घरात पहिल्यापासून सवयच आहे.

धमक असेल तर माझ्या स्वयंपाकघरात ये. तुझ्या डोळ्यांदेखत करून दाखवते.

वर्ना

—

अ‍ॅशबर्न
१८ ऑक्टोबर १९६७

वर्ना,

लीलंडचं नाव या भानगडीत ओढताना तुला काही वाटलं नाही?

मग ऐकच. लीलंड ऑरेगॉनमध्ये आहे. त्याची लाकडाची गिरणी आहे, बायको आहे, चार मुली आहेत आणि वजन एकशेदहा किलो आहे. दर नाताळाला त्याचं पत्र येतं. त्यात तुझा उल्लेख गेल्या तीस वर्षांत एकदा आला होता, आणि तोही ‘टीटरकडच्या त्या काळ्या घोडीचं काय झालं’ या वाक्यात. तू समजतेस तेवढी तू कुणाच्या आयुष्यात महत्त्वाची नव्हतीस. आई वारली तेव्हा तू दारापर्यंत येऊन माघारी गेलीस, तेही मी खिडकीतून पाहिलं होतं. तेव्हा पोटात कुणी काय ठेवलं, ते तुझं तू बघ.

आणि नाकाबद्दल जे लिहिलंस, ते कशावरून लिहिलंस? कुणी काही सांगितलं का तुला?

येते मी. शनिवारी दोन वाजता. निकाल मी पुराव्यावर देते, रागावर नाही. तुझं सारण खरं असेल तर तसं म्हणेन. नसेल तर तेही तुझ्याच टेबलाशी बसून म्हणेन.

विनिफ्रेड

—

टॅनर्स रिज
२२ ऑक्टोबर १९६७, रविवार

विनी,

चर्चमधून आले आणि टोपीही न काढता लिहायला बसले आहे.

काल तू जाताना म्हणालीस, ‘‘मान्य. डब्यातलं नव्हतं. काय करायचं ते मी बघते.’’ हेच ऐकायला मी दोन आठवडे जळत होते. पण तुझी गाडी फाटकाबाहेर गेली आणि मी तिथेच पायरीवर बसले. आनंद झालाच नाही. मी काल जे पाहिलं ते तुलाच परत सांगते. खोटं असेल तर खोटं म्हण.

मी कढई चुलीवर ठेवली, लोणी टाकलं आणि मॅकिंटॉश आणायला तळघरात उतरले. तू चुलीला पाठ करून बसली होतीस, हातभर अंतरावर, वहीत काहीतरी लिहीत. चुलीची आच मोठी राहिली होती हे माझ्या ध्यानात नव्हतं. मला तळघरात जळका वास आला. खाली, दोन दारं ओलांडून! मी धावत वर येते तर ऑरिन अंगणातून आत घुसतोय, ‘‘अगं काय जाळतेस, घर का?’’ कढईतलं लोणी काळं ठिक्कर. आणि तू? तू वहीतून मान वर करून ऑरिनला म्हणालीस, ‘‘नमस्कार, ऑरिन. यंदा ग्रीनिंग कशी आहे?’’

मी ओरडले, ‘‘तुझं लक्ष नाही का?’’ तू वळून पाहिलंस तेव्हा तुझा चेहरा पांढरा पडला. म्हणालीस, ‘‘मी लिहीत होते.’’

लिहिणाऱ्या माणसाला नाक नसतं का?

मग मी दुसऱ्यांदा केलं. रागाने डोकं ठिकाणावर नव्हतं माझं. दालचिनीच्या बाटलीचं झाकणसुद्धा मी उघडलं नाही. विसरले. तू जाईपर्यंत मला कळलं नव्हतं. सारण गार झालं, तू चमचाभर खाल्लंस, डोळे मिटलेस आणि म्हणालीस, ‘‘दालचिनी अगदी बेताची. बरोबर पडली आहे.’’

बाटली भरलेली होती, विनी.

तुला वास येत नाही. कधीपासून? जत्रेत येत होता का? मला ठाऊक आहे, नव्हता. तू माझं सारण फक्त पाहिलंस. आणि पत्रात लिहिलंस, चवीवरून खात्री केली. मला खोटारडी ठरवायला तू खोटं लिहिलंस.

आठ दिवस देते. येत्या रविवारपर्यंत जिल्ह्याच्या साप्ताहिकात छापायला दे. नाहीतर मी चर्चमध्ये उभी राहून सांगेन, आणि मी सांगितलं तर दालचिनीसकट सांगेन.

वर्ना

—

अ‍ॅशबर्न
२५ ऑक्टोबर १९६७

वर्ना,

हो.

फेब्रुवारीत शाळेच्या पायऱ्यांवर बर्फ होतं. घसरले आणि डोक्याची मागची बाजू आपटली. डॉक्टर म्हणाले, काही नाही, बाई, थोडी विश्रांती घ्या. चार दिवसांनी कॉफी केली तर नुसतं कडू गरम पाणी. मला वाटलं सर्दी. मार्च गेला, एप्रिल गेला. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू एवढंच कळतं. बाकी सगळं ओल्या कागदासारखं लागतं. डॉक्टर आता म्हणतात, वर्षभर वाट पाहू. तोंड वळवून म्हणतात, त्यावरून काय ते मला कळलं.

तू नाकाने कांदे सोलण्याबद्दल लिहिलंस ना, तेव्हा मी ते पत्र घेऊन अर्धा तास उभी होते. वाटलं, हिला कळलं. म्हणून आले मी. तुझं सारण पाहायला नाही, तुला किती माहीत आहे ते पाहायला.

राग येतो मला, वर्ना. तुला वाटतं राग तुझ्या एकटीच्या घरी राहतो. मी लग्न केलं नाही, मला मूल नाही, मला हे एकच काम येतं. शाळेत कळलं तर कोण ठेवेल? जिला स्वयंपाकाचा वास येत नाही ती स्वयंपाक शिकवणार! चोवीस वर्षं झाली. तुझ्याकडे चारशे झाडं आहेत. माझ्याकडे एक नाक होतं.

जत्रेत मी घाबरले होते. पस्तीस अ‍ॅपल पाय होते, सगळे सारखेच लागत होते. डोळ्यांना जे दिसलं ते लिहिलं. तुझं वेगळं दिसलं.

मी एक करू शकते. जत्रेच्या समितीला खासगी पत्र लिहीन की फेरतपासणीत सारण घरचं निघालं. ते निकाल बदलतील, तुला बक्षीसही देतील. बाहेर कारण सांगायची गरज नाही. तू मात्र कुणाला काही बोलू नकोस. एवढं कर माझ्यासाठी. भीक मागते असं समज हवं तर.

विनी

—

टॅनर्स रिज
२७ ऑक्टोबर १९६७

विनी,

नाही.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा रडले, हे कबूल करते. आणि तरी नाही.

कार्ड टेबलावर, आणि दुरुस्ती समितीच्या कपाटात? कार्ड दोन दिवस सगळ्यांनी वाचलं, आणि दुरुस्ती तीन म्हातारे वाचणार आणि कुलूप लावणार? मग ब्यूला काय म्हणेल, सांगू? ‘‘शाळासोबतीण आहे ना, मिटवलं असेल आपापसात.’’ डबेवाली होते, ती वशिलेवाली होईन.

तू पडलीस यात तुझा दोष नाही. वास गेला यात नाही. घाबरलीस यातही नाही. पण घाबरलेलं माणूस ‘मला कळत नाही’ म्हणून टेबलावरून उठू शकतं. तू उठली नाहीस. तू पेन्सिल उचललीस. स्वतःची अब्रू वाचवायला माझी वापरलीस. यावर मी गप्प बसू?

बक्षीस नको मला. माझं नाव परत दे.

चर्चमध्ये मी उभी राहणार नाही. ती धमकी मी मागे घेते, कारण ते तू सांगायचं आहे, मी नाही.

वर्ना

—

अ‍ॅशबर्न
१० नोव्हेंबर १९६७

वर्ना,

गेल्या आठवड्याचं साप्ताहिक पाहिलं असशीलच. दुसरं पान, सुताराच्या जाहिरातीखाली. संपादक म्हणाले, ‘‘बाई, हे छापायलाच हवं का? थोडं गुळमुळीत करू या.’’ मी म्हटलं, एक शब्द बदललात तर परत नेईन. तेव्हा जसं लिहिलं तसं आलं. मला फेब्रुवारीपासून वास येत नाही, मी हे लपवलं, मिसेस टीटर यांच्यावर केलेला आरोप खोटा होता, आणि मी परीक्षक म्हणून त्या टेबलाशी बसायलाच नको होतं.

आता ऐक काय झालं. जत्रेच्या समितीने दोन ओळींत आभार मानून मला मोकळं केलं. मुख्याध्यापक म्हणाले, नाताळापर्यंत शिकवा, पुढचं पाहू. ‘पुढचं पाहू’ म्हणताना ते खिडकीबाहेर पाहत होते. सोमवारी वर्गात गेले तर माझ्या टेबलावर बाटल्या मांडलेल्या. व्हिनेगर, रॉकेल, व्हॅनिला. ‘‘मिस क्लोक, ओळखा पाहू!’’ मुली हसून हसून वाकल्या. मी बाटल्या उचलल्या आणि पारीचा धडा शिकवला. हात स्थिर होते.

काल पोस्टमन दार जोरजोरात ठोकत होता. म्हणाला, बाई, बाहेर पायऱ्यांपर्यंत गॅसचा वास येतोय. शेगडीचं बटण अर्धवट फिरलेलं राहिलं होतं, सकाळपासून. मी टेबलाशी पेपर तपासत बसले होते. हे दुसऱ्यांदा झालं. त्याला कुठेही बोलू नका म्हटलं.

तुझं नाव तुला परत मिळालं. आता समाधान झालं?

विनिफ्रेड

—

टॅनर्स रिज
१३ नोव्हेंबर १९६७

विनी,

नाही झालं समाधान. तुला काय वाटलं, मी इथे नाचते आहे?

साप्ताहिक आलं तेव्हा ऑरिनने मोठ्याने वाचून दाखवलं. शेवटचं वाक्य त्याने दोनदा वाचलं. म्हणाला, ‘‘या बाईत हिंमत आहे.’’ मी म्हटलं, आहे, पण उशिरा आली. ते मी आजही म्हणेन.

परवा शनिवारी चर्चमध्ये जेवण झालं. आधी मला बीन्स सांगितल्या होत्या ना? साप्ताहिक वाचल्यावर तीनदा निरोप आला, वर्ना, अ‍ॅपल पाय तूच कर. मी बीन्सच नेल्या. भलं मोठं पातेलं भरून. खा म्हटलं.

जेवायला ब्यूला माझ्या शेजारी येऊन बसली, जशी काही जन्मभराची मैत्रीण. माझ्या दंडावर हात ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, ‘‘आम्हाला पहिल्यापासून ठाऊक होतं गं, तू असं करणार नाहीस. ती क्लोकबाईच तसली! आता तिच्या ताटात जोडा उकडून वाढला तरी ती म्हणेल, दालचिनी बेताची आहे.’’

टेबल हसलं.

दालचिनीची गोष्ट मी फक्त तुला लिहिली होती. आणि ऑरिनला बोलले होते. ऑरिन शेजारच्या धान्यगोदामात बोलला, तिथून ती फिरली. म्हणजे ते हसू माझ्याच घरातून गेलं होतं. हे तुला सांगायला मला लाज वाटते, पण तू छापून सांगितलंस, तर मी निदान पत्रात सांगते. चूक माझी.

मी उठले. हातातला घास ताटात ठेवून उठले. म्हटलं, ‘‘ब्यूला, तिने स्वतःचं खोटं स्वतःच्या नावाने पेपरात छापलं. तू माझ्या ओसरीवर डबा ठेवलास, त्याच्याखाली सही केली होतीस का? या टेबलाशी बसलेल्यांपैकी कुणी केली होती? मला खोटारडी म्हणताना तुम्ही सगळ्याजणी हुंगत होतात ना? तुमची नाकं तर शाबूत आहेत! मग माझ्या घरासमोरून जाताना शिजणाऱ्या सफरचंदांचा वास एकोणीस वर्षं तुम्हाला येत नव्हता?’’

पाद्रीबुवांनी पाणी मागितलं. ब्यूला रडायला लागली, आणि मला खरं सांगू, बरं वाटलं. मी पातेलं उचललं आणि घरी आले. अर्ध्या बीन्स तशाच होत्या.

आता तुझं. त्या मुलींना हसू दे, पण कामाला लाव. एकीला कढईपाशी उभी कर. करपायला लागलं की तिने सांगायचं, कधी सांगितलं त्यावर तिला गुण. तुला पारी अशी येते की मी तीन वर्षं तुझा हात चोरून पाहिला आहे. पारीला नाक लागत नाही, बोटं लागतात. हे मुख्याध्यापकांना सांगायला तुझी जीभ रेटत नसेल तर मी येते. खिडकीबाहेर बघणाऱ्या माणसाशी बोलायची मला सवय आहे, ऑरिन तसाच बोलतो.

पण गॅसबद्दल वाचलं आणि माझं डोकं फिरलं. दुसऱ्यांदा? आणि पोस्टमनला सांगतेस बोलू नका? अगं, एवढं लपवून अजून तुझं पोट भरलं नाही? एकटी राहतेस, नाक नाही, आणि पेटती शेगडी! तू मेलीस तर मी भांडू कुणाशी?

फळं भरायच्या शेडमध्ये दोन तव्यांची विजेची शेगडी आहे, मजुरांचं जेवण गरम करायची. हंगाम संपला, आता ती नुसती पडून आहे. बुधवारी साडेतीनला तू शाळेतून येशील तेव्हा ऑरिनचा ट्रक तुझ्या दारात उभा असेल. तो ती शेगडी तुझ्याकडे बसवून, गॅसची नळी तोडून टाकी घेऊन जाणार आहे. वाद घालायचा नाही. घालायचाच असेल तर माझ्याशी घाल, मी पण येते आहे. तुझ्या तोंडावर बोलायच्या अजून सात-आठ गोष्टी माझ्याकडे शिल्लक आहेत, त्या पत्रात मावत नाहीत.

तोवर बुधवारपर्यंत काडी ओढायची नाही. पाव खा, गार दूध पी. आणि थंडी वाजली तरी खिडक्या उघड्या ठेव.

वर्ना